मदत काढून घेण्याची वही

२ जून
कामासाठी शिकणाऱ्या बौद्धिक दिव्यांगांची नवी बॅच, चौघांची. वयं १९ ते ४१. काम द्यायला दोन ठिकाणं तयार आहेत: एका रुग्णालयाचा कपडे विभाग आणि एक पॅकिंग युनिट. वहीत नावं लिहायची नाहीत, बदललेली अद्याक्षरं लिहायची. म्हणून र., स., न. आणि ज.ताई. ज.ताई आमच्यातल्या निम्म्या ट्रेनरपेक्षा मोठ्या आहेत, त्यांना नुसतं अक्षर लावणं जिवावर आलं.

या खेपेला क्रम उलटा ठेवला आहे. "आधी पूर्ण तयार होऊ दे, मग कामाचं बघू" या एका वाक्यात माणसांची वर्षंच्या वर्षं गेली आहेत. मणी ओवा, सोडवा, पुन्हा ओवा. तयारी कधी पुरी होत नाही आणि मणी ओवायची नोकरी कुणी देत नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत सपोर्टेड एम्प्लॉयमेंट रुजलं ते नेमकं याच्या उलट जाऊन: आधी जागा, मग त्याच जागेवर शिकवणं, सोबत जॉब कोच, म्हणजे कामाच्या जागीच शिकवणारा माणूस. हे मला पटतं ते भावनेपोटी नाही. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला शिकायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी आपसूक जात नाही, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. खोलीत शिकवून मग कामावर पाठवायचं म्हणजे एकच गोष्ट दोनदा शिकवणं.

तरी पहिला महिना खोलीतच जाणार. परवानगीचे कागद कुठल्या तरी टेबलावर आहेत.

५ जून
फायली आल्या. प्रत्येकीत बुद्ध्यांकाचा आकडा ठळक, आणि त्या आकड्यावरून उद्या सकाळी काय शिकवायचं ते काडीमात्र कळत नाही. एएआयडीडी ही बौद्धिक अक्षमतेवर काम करणारी अमेरिकेतली संस्था तिची व्याख्या करताना बुद्ध्यांकाच्या जोडीला दैनंदिन जगण्यातली कौशल्यंही बघायला सांगते: संकल्पनांची, सामाजिक आणि व्यवहाराची. आमच्या फायलींत व्यवहाराचा रकाना बहुतेक कोराच.

म्हणून बेसलाइन, म्हणजे शिकवण्याआधी काय येतं त्याची नोंद. हात धुणं, टॉवेलची घडी, फोनवर निरोप घेणं. बेसलाइनला शिकवायचं नाही, शाबासकी द्यायची नाही, नुसतं बघायचं.

याच्या दोन रीती. पहिलीत माणूस अडला की तिथेच थांबायचं, पुढचं सगळं शून्य. दुसरीत अडलेली पायरी आपण गुपचूप उरकायची आणि पुढच्या पायरीची संधी त्याला द्यायची. पहिली झटपट होते, पण माणसाबद्दल खोटं बोलते. ज.ताईंना नळ उघडता आला नाही. पहिल्या रीतीने लिहायचं झालं तर "हात धुता येत नाहीत". नळ आम्ही उघडून दिला, तर साबण, बोटांमधली जागा, अंगठे, मनगट, सगळं व्यवस्थित. बहुतेकांपेक्षा चांगलं, खरं तर. अडचण पकडीची होती. इतकी वर्षं निवासी संस्थेत कुणी ना कुणी त्यांचे हात धुऊन देत आलं असणार.

नळाला लांब दांडीचा लिव्हर बसवून घ्यायचा. बोटांत ताकद येईपर्यंत हात धुणं अडवून ठेवायचं काही कारण नाही.

९ जून
टॉवेलच्या घडीचं टास्क अ‍ॅनालिसिस. म्हणजे कामाची एकेक पायरी सुटी करून लिहिणं. खोलीत बसून लिहायचं नाही हा नियम. कपडे विभागात जाऊन तिथल्या जुन्या मावशींच्या शेजारी उभं राहिलो. बघायला परवानगी लागत नाही.

मावशींना विचारलं, "घडी कशी करता?" तर म्हणाल्या, "कशी म्हणजे? करायची." हात मात्र सगळं सांगत होते. त्या टॉवेल ओढतात, एकदा झटकतात, डाग किंवा फाट आहे का ते बघतात, आडवा पसरतात, लेबलाचा कोपरा डाव्या हाताला घेतात, खालचा तिसरा हिस्सा वर, वरचा त्याच्यावर, मग मनगटापासून कोपरापर्यंतचा हात फिरवून सपाट, मग उजवीकडून मधोमध दुमड, पुन्हा सपाट, आणि थप्पीवर ठेवताना घडीची बंद बाजू बाहेर. अकरा पायऱ्या. बंद बाजू बाहेर का, तर थप्पी मोजताना एक कड म्हणजे एक टॉवेल, आणि ओढताना बाजूचा सोबत येत नाही. टेबलाशी बसून यादी केली असती तर ही पायरी तिच्यात आलीच नसती, आणि तिच्यावाचून केलेलं सगळं काम मावशींनी पुन्हा केलं असतं.

यातल्या दहा पायऱ्या हाताच्या आहेत. डाग बघणं ही एकच डोक्याची. ती वेगळी शिकवावी लागेल.

१२ जून
र. ला पूर्ण साखळी: दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या पायऱ्या, अडेल तिथे मदत. त्याला निम्म्याहून जास्त आधीच येतं.

स. ला उलटी साखळी. दहा पायऱ्या आम्ही करायच्या, अकरावी तिची. ती जमली की दहावी-अकरावी तिची, असं मागे मागे यायचं. स. जवळजवळ बोलत नाही आणि काम अर्धवट राहिलं की तिथून उठून जाते. या पद्धतीत ती जे करते त्याने काम संपतं, दर वेळी. थप्पीवर टॉवेल ठेवून झाला की ती त्याच्यावर हळूच चापट मारते. ही बारावी पायरी आमची नाही, तिची आहे. राहू दे.

१७ जून
आज एका सहकाऱ्याला फक्त एकच काम दिलं: ट्रेनरच्या तोंडून निघालेले शब्द टॅली करायचे. एका घडीत पानाची एक बाजू भरली. "हं. आता खाली. खालून घे. शाबास. आता वरून. वरून, वरून. हां. हात फिरव. छान. आता?"

खरा मुद्दा त्या शेवटच्या "आता?" मध्ये आहे. र. ला घडी येते. पण दर दुमडीनंतर तो मान वर करतो, ट्रेनरच्या तोंडाकडे बघतो, "हं" आला की पुढची पायरी करतो. "हं" नाही आला तर हात टॉवेलवर ठेवून उभा. म्हणजे त्याच्या साखळीत अकरा पायऱ्या नाहीत. अकरा पायऱ्या आणि त्यांच्या मधे दहा "हं" आहेत. उद्या कपडे विभागात हे दहा "हं" कोण पुरवणार?

प्रॉम्प्ट, म्हणजे मदतीचे इशारे, चढत्या क्रमाने लिहायचे तर: कामातच असलेली खूण, बोट दाखवणं, तोंडी सूचना, करून दाखवणं, हात धरून करून घेणं. कागदावर तोंडी सूचना मधली, सौम्य दिसते. काढून घ्यायला मात्र तीच सगळ्यांत चिवट. हाताची मदत मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर नेत पातळ करता येते. चित्र लहान करता येतं, फिकट करता येतं. शब्द एक तर बोलला जातो, नाही तर नाही. शिवाय तो आपल्या तोंडात असतो, आणि तोंडाची सवय सुटणं कर्मकठीण.

१९ जून
आजपासून घडीच्या टेबलाशी बोलणं बंद. सूचना नाही, कौतुक नाही. कौतुक काम संपल्यावर, आणि तेही मोठ्या माणसाला करतात तसं. ३४ वर्षांच्या र. साठी टाळ्या वाजवायच्या नाहीत.

हे आमचं नवं काही नाही. मार्क गोल्ड या अमेरिकन प्रशिक्षकाने १९७० च्या दशकात गंभीर बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना सायकलच्या ब्रेकची जुळणी शिकवून दाखवली, २४ सुट्या भागांची. तोवर अशा माणसांना अगदी साध्या कामांपलीकडे काही जमणार नाही असं धरूनच वर्कशॉप चालायचे. गोल्डच्या पद्धतीत बोलणं अगदी कमी. ट्रेनर गप्प आहे म्हणजे बरोबर चाललंय, हे शिकणाऱ्याला कळायचं. चुकलं तर एवढंच, की दुसरं काही करून बघ. काय करायचं ते सांगायचं नाही. दुसरी गोष्ट रंगाची. ट्रेमध्ये भाग ठेवताना जी बाजू वर दिसायला हवी तिला रंग लावलेला, त्यामुळे कुठली बाजू वर हे ट्रेनरला सांगावंच लागायचं नाही. शिकणारा अडला तर शिकवण्याची पद्धत बदला, ही त्याची भूमिका. "याला येणार नाही" हा निष्कर्ष त्या वेळी फार स्वस्त होता. आजही फारसा महागलेला नाही.

टेबलावर टॉवेलच्या मापाची रंगीत चौकट आखली, आत दोन रेषा. खालची कड पहिल्या रेषेला, वरची दुसरीला. "खालून घे" हे वाक्य आता टेबलावर आहे.

पहिल्या तासाला र. बावचळला. मान वर, समोर चेहरे कोरे. मग एकदा मान वर करून त्याने पुन्हा रेषेकडे बघितलं. तेवढं पुरे आजला.

२४ जून
स. बरोबर टाइम डिले, म्हणजे मदत थोडी थांबून देणं. सुरुवातीला थांबायचंच नाही: टॉवेल समोर, लगेच बोट. चुकायला जागाच नाही. मग टॉवेल समोर आणि पाच सेकंद थांबायचं, मगच बोट. या पाच सेकंदांत तिने स्वतःहून केलं तर मदत लागत नाही, आणि ती बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या सेकंदाला हलते.

आपण दोन सेकंदांत दुसऱ्यांदा सांगतो. तिला ऐकू आलं नाही असं वाटतं म्हणून. तिचं आत काम चालू असतं. दुसऱ्यांदा सांगितलं की ते मोडतं. पाच सेकंद गप्प उभं राहणं किती लांब वाटतं ते घड्याळ लावून एकदा बघावं.

३० जून
हात धरण्याबद्दल नियम लिहून भिंतीला लावले. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्यापुढे आपला हात उघडा ठेवायचा, त्याने हात दिला तरच. हात मागे ओढला की थांबायचं आणि वेगळी मदत शोधायची. "पण मग शिकणार कसा?" असं एकाने विचारलं. हिसका देणाऱ्या हाताला काही शिकवता येत नाही, त्याच्याशी फक्त कुस्ती होते.

४ जुलै
पालकसभा. र. चे वडील: "अहो, इथे करतो म्हणता, घरी तर ताटसुद्धा उचलत नाही. आईला हाक मारतो."
"मग आई काय करतात?"
"काय करणार? उचलते. सकाळच्या घाईत कोण त्याची वाट बघत बसणार!"

यात आईंचं काही चुकत नाही. सकाळी कुणाकडेच वेळ नसतो. म्हणून सकाळचं काही मागायचंच नाही असं ठरलं. घरी फक्त एक काम, रात्रीचं, ज्याची घाई नसते: स्वतःचे धुतलेले कपडे घडी करून कप्प्यात ठेवणं. आणि त्या वेळी खोलीत कुणी थांबायचं नाही. वडिलांना ही शेवटची अट विचित्र वाटली. ज.ताईंकडून कुणीच आलं नव्हतं. त्यांनी स्वतःच पाण्याचे पेले भरून दिले सगळ्यांना, कुणी न सांगता. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

८ जुलै
कपडे विभागात पहिला दिवस. र. आणि ज.ताई.

घडी ठीक. गोंधळ स्वच्छतागृहात. तिथे सेन्सरचा नळ. र. नळाच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून दांडी शोधत राहिला, मग नळच फिरवून बघितला, मग कोरडे हात पँटला पुसून बाहेर आला. हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या त्याला तोंडपाठ, पण पहिल्या पायरीची वस्तूच गायब. ज.ताईंना मात्र हा नळ फार आवडला. हात पुढे केला की पाणी, पकडीचा प्रश्नच मिटला.

१९७७ साली स्टोक्स आणि बेअर या वर्तनशास्त्रज्ञांनी अशा शिकवण्याला नाव दिलं होतं: शिकवा आणि आशा धरा. एका नळावर शिकवायचं आणि बाकीच्या नळांवर जमेल अशी आशा धरायची. इलाज माहितीतला आहे: शिकवतानाच निरनिराळे नमुने निवडायचे, आणि ते असे की जगात भेटणारे मुख्य प्रकार त्यांत येऊन जातील. फिरवायचा नळ, दाबायचा, लिव्हरचा, सेन्सरचा. दहा फिरवायचे नळ दाखवून उपयोग नाही. हेच दारांचं (ओढा, ढकला, सरकवा), हेच लिफ्टच्या बटणांचं, हेच फ्लशचं. इमारतीतल्या सगळ्या दारांची आणि नळांची यादी करायला एक दुपार लागेल.

१५ जुलै
पॅकिंग युनिट. स. चं काम: पाकिटात दहा स्क्रू, एक चावी, एक छापील कागद. स. ला तीनच्या पुढे मोजता येत नाही.

लाकडी पट्टीत दहा खळगे कोरून घेतले, अकराव्या जागी चावीच्या आकाराचा खळगा. सगळे खळगे भरले की पट्टी नरसाळ्यात उपडी करायची, नरसाळं पाकिटाच्या तोंडात. कमी पडला तर खळगा रिकामा दिसतो, जास्त झाला तर स्क्रूला जागाच नाही. स. ने काही वेळातच आमच्याकडे बघणं सोडलं.

सुपरवायझर बराच वेळ हाताची घडी घालून बघत होते. "पण हिला मोजता कुठं आलं? हिनं तर पट्टीनं मोजलं."
"तुमच्या शेजारच्या टेबलावर काका स्क्रू कसे मोजतात?"
"वजनकाट्यावर."

त्यांनी आणखी तीन पट्ट्या मागितल्या, बाकीच्यांसाठी.

मोजणं शिकवायचंच नाही असं नाही. पण काम मिळायला ती अट का असावी? मोजणं येईल तेव्हा येईल, तोवर पाकिटं बरोबर भरली जातायत.

२२ जुलै
न. चा फोन आला होता, म्हणजे त्याच्याबद्दल आला होता. काम उत्तम, चौघांत सर्वांत जलद. पण मधल्या सुट्टीत तो प्रत्येकाला मिठी मारतो, एकच विनोद पुन्हा पुन्हा सांगतो, आणि सुट्टी संपली तरी बोलत राहतो. दोघींनी तक्रार केली.

मला याचं नवल वाटत नाही. कामाच्या वेळात काय करायचं हे टेबल सांगतं. सुट्टीत काहीच सांगणारं नसतं. लोकांची कामं सुटतात ती पुष्कळदा या पंधरा मिनिटांत, यंत्राशी नाही. आणि न. ला लहानपणापासून मिठीबद्दल कौतुकच मिळालंय. किती गोड, म्हणून. १९ वर्षांच्या तरुणाने सहकारी बाईला मिठी मारली की तेच कौतुक एका दिवसात तक्रार होतं. नियम बदलला, पण तो बदलल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नाही.

त्यामुळे सुट्टीचंही टास्क अ‍ॅनालिसिस. डबा, हात, बसायची जागा, एकाशी बोलायचं, समोरचा घड्याळ किंवा मोबाइल बघू लागला की थांबायचं. भेटल्यावर हात वर करून नमस्कार किंवा मान हलवणं, मिठी फक्त घरी. सुट्टी संपायच्या दोन मिनिटं आधी मनगटावरचं घड्याळ थरथरतं. घड्याळ कळत नाही त्याला, पण थरथर कळते. त्याच्याच मोबाइलवर एका सहकाऱ्याने अभिनय करून छोटी चित्रफीत घेतली, रोज बसमध्ये तो ती बघतो. विनोद एका दिवशी एकालाच सांगायचा असं ठरलं. विनोद वाईट नाही.

२९ जुलै
आजचा विषय आम्ही नेहमी मागे ढकलत आलेला: नाही म्हणणं.

शिकवण्याचा सगळा डोलारा ऐकण्यावर उभा आहे. बस, उठ, घे, ठेव. चांगला प्रशिक्षणार्थी म्हणजे सांगितलेलं करणारा. मग कुणी त्याला खोलीत ये म्हटलं, कपडे काढ म्हटलं, पाकीट दे म्हटलं, तरी तो करणारच. आपणच तसं घडवलेलं असतं. र. च्या "हं" ची वाट बघण्याचं हे दुसरं टोक आहे.

सराव असा: मधेच मुद्दाम चुकीची सूचना द्यायची. "हा टॉवेल कचऱ्यात टाक." "तुझा डबा मला दे." न करणं हे बरोबर उत्तर. ज.ताई डबा लगेच पुढे करतात, हसून. पुष्कळ काळ संस्थेत राहिलेल्या माणसाच्या हातून डबा असाच पुढे येतो. स. ला बोलता येत नाही म्हणून लाल कार्ड आणि उलटा तळवा, दोन्ही. सोबत शरीराच्या खाजगी भागांची खरी नावं, टोपणनावं नाहीत, म्हणजे काही झालं तर नेमकं सांगता येईल. आणि नाही म्हटल्यावर ते मानलं जायला हवं, इथे, आमच्याकडूनही. स. ने पॅकिंगला लाल कार्ड दाखवलं दुपारी. अर्धा तास काही केलं नाही. ठीक.

६ ऑगस्ट
रस्ता ओलांडणं, खऱ्या रस्त्यावर. र. बरोबर. आधी शेजारी, मग दोन पावलं मागे, मग पलीकडच्या कडेला. आईंची झोप उडाली आहे, ते समजतं. दिव्यांगांच्या हक्कांवर लिहिणाऱ्या रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये लिहिलं होतं की माणसाला सगळ्या धोक्यांपासून वाचवलं तर त्याची प्रतिष्ठाही आपण काढून घेतो. माझ्या मते हे वाक्य पालकांना ऐकवायचं नाही. त्यांना ओलांडण्याच्या पायऱ्यांचा तक्ता दाखवायचा, कुठली पायरी किती दिवस सलग बरोबर आली ते. धीर तक्त्याने येतो.

१४ ऑगस्ट
वेग. कपडे विभागाचे म्हणाले, घड्या सुरेख आहेत पण कमी होतात. आधी अचूकता, मग वेग, हा क्रम सोडायचा नाही. चुकीच्या घडीचा वेग वाढवून काय करणार? आता अचूक आहे, तर टेबलाजवळ दोन वाट्या ठेवल्या: एक थप्पी झाली की र. एक बटण डावीकडून उजवीकडे टाकतो. सुट्टीला उजवी वाटी बघायची. ट्रेनरने "लवकर, लवकर" म्हटलेलं त्याला धास्तावतं. वाटी काही म्हणत नाही. कालच्यापेक्षा भरलेली दिसली की तो ती हलवून वाजवतो.

ज.ताईंचा वेग वाढणार नाही असं दिसतंय. त्यांचं काम बदलून मागितलं: घड्या नकोत, डाग-फाट तपासणी द्या. तिथे सावकाशपणा उपयोगाचा.

२६ ऑगस्ट
पगाराचा पहिला महिना, त्यामुळे प्रश्नांचाही. एका घरून विचारणा: पैसे थेट आमच्या खात्यात घाला, त्याला काय कळतंय?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात कलम २७ कामाच्या हक्काचं, आणि कलम १२ कायद्यापुढे समान मान्यतेचं, ज्यात स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळणंही आलं, लागेल त्या आधारासह. २०२२ मध्ये कराराच्या समितीने कलम २७ वर सविस्तर भाष्य काढलं. वेगळ्या बंद वर्कशॉपमध्ये दिव्यांगांना बसवणं म्हणजे हा हक्क दिला असं होत नाही, हे त्यात स्वच्छ आहे. घरच्यांना एवढंच म्हटलं: खातं त्याच्या नावाचं, सोबत तुम्ही बसा.

दुकानात पैसे देण्यासाठी "एक जास्त" ही रीत. सांगितलेल्या आकड्यातला सुट्या पैशांचा भाग सोडून द्यायचा, राहिलेल्या रुपयांपेक्षा एक रुपया जास्त मोजून द्यायचा, उरलेले परत घ्यायचे. बेरीज-वजाबाकीशिवाय व्यवहार होतो. न. ने पहिल्या पगारातून हेडफोन घेतले. घरचे नाराज. पहिल्या पगारातून आपण काय घेतलं होतं, याची चर्चा स्टाफरूममध्ये बराच वेळ रंगली.

९ सप्टेंबर
जॉब कोच मागे घेणं. आठवड्यातून दोनदा, मग एकदा. आमच्याऐवजी तिथलंच कुणी तरी हवं, म्हणून मावशी.

आज न सांगता गेलो. र. घडी करतोय, मावशी शेजारी. "हं," मावशी म्हणाल्या. "आता वरून. हां, शाबास माझा राजा." र. ची मान पुन्हा वर.

मावशींची माया खरी आहे आणि तिला नियम लावणं जड जातं. मावशींना गप्प बसा असं सांगितलं नाही. त्यांना काम दिलं: र. अडला तर तोंडाने नाही, बोटाने रेषेकडे दाखवायचं, आणि आज किती वेळा दाखवावं लागलं ते संध्याकाळी वहीत लिहायचं. आकडा लिहायचा म्हटल्यावर मावशी एकदम चुरशीला आल्या. "आज दोनदाच!" हे त्यांनी फोन करून कळवलं. बोलायचं तर सुट्टीत, मनसोक्त.

२३ सप्टेंबर
ज.ताईंची डाग तपासणी मार्गी लागली. खऱ्या डागांचे नमुने एका फळ्यावर शिवले: रक्त, शाई, गंज, पिवळट झालेला जुना डाग. आणि दोन फसवे: ओलसरपणा, सावली. फसवे आधी सगळ्यांत जास्त चुकत होते. आता त्या टॉवेल खिडकीपाशी नेतात, तिरपा धरतात, बोटाने चाचपतात. ही युक्ती त्यांचीच. परवा सुपरवायझरने चांगला म्हणून परत थप्पीत टाकलेला टॉवेल त्यांनी काढला आणि त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "अहो ताई, चालतो हा." ज.ताईंनी मान हलवून नाही म्हटलं. टॉवेलच्या मधोमध पातळ झालेला धागा होता.

स. पूर्णवेळ. न. ची तक्रार नाही, पण विनोद आता तिथल्या एका इसमाने उचललाय आणि तोच सगळ्यांना सांगत सुटलाय.

कपडे विभागात नवं घडी यंत्र येणार असं ऐकलं. टॉवेल त्यावर होणार, चादरी हाताने राहणार. र. च्या चौकटीचं माप बदलेल, आणि मोठी चादर एकट्याने धरता येत नाही, समोर दुसरं माणूस लागतं. दोघांच्या कामाचं विश्लेषण वेगळं: कोण आधी हलणार, कुठल्या खुणेने. जायच्या आधी मावशींना विचारलं की चादरीला जोडीदार कोण घ्याल. म्हणाल्या, "र. लाच." पुढच्या मंगळवारी त्या दोघींची, म्हणजे मावशी आणि दुसऱ्या शिफ्टच्या बाई यांची, चादरीची घडी बघायला जायचं आहे. नोंदवही घेऊन, बोलायचं नाही.